कडी कुठल्या बाजूला

नाही नाही, तिकडे कुठे निघालात टेप घेऊन? शेजाऱ्यांच्या बाजूला भिंत आहे की, चांगली धडधाकट आहे, तिला काय करायचंय? मला कुंपण इथे हवंय. इथे — या माझ्या पायापासून थेट त्या नळापर्यंत. हो, बागेच्या मधोमध. हो हो, दोन्हीकडची जागा आमचीच. हसा, फोनवर तुमचा माणूसही हसला. म्हणाला, बाई, कुंपण हद्दीला घालतात. म्हटलं, बाबा रे, हीच हद्द आहे. या बाजूला माझे वडील, त्या बाजूला आई. ते बघा, खुर्चीत बसलेत ते वडील, हात गळ्यात बांधलेला, आणि ती तिकडे पाठमोरी खणतेय ती आई. एकोणऐंशी आणि पंचाहत्तर. — आई, टोपी घाल, ऊन बघ किती झालंय! — ऐकतेय कसली. तुम्ही ते टोक धरा, मी हे धरते.

तीन महिने झाले आम्हाला येऊन. आधी तिसऱ्या मजल्यावर होतो, लिफ्ट नाही. मी गाडी शिकवते — बाहेर डोक्यावर पाटी असलेली उभी आहे ना, ती माझी — दिवसभर दुसऱ्याच्या चुकांवर ब्रेक दाबायचा आणि संध्याकाळी या दोघांना धरून धरून जिने चढवायचे. घरात मी एकटीच. लग्नाच्या भानगडीत पडलेच नाही, पाहिलं होतं तेवढं पुष्कळ झालं. तर म्हटलं, आता तळमजला. सतरा घरं बघितली मी. दलाल रडकुंडीला आला. माझी अट एकच — पायरी नको. एकसुद्धा नको. फाटकापासून न्हाणीघरापर्यंत सगळं सपाट, म्हातारी माणसं आहेत, पाय अडखळला की संपलं. आणि बाग मिळाली ती वर! मला वाटलं, उन्हात बसतील, मातीत हात घालतील, शांत होतील. झाडांपाशी म्हातारी माणसं शांत होतात म्हणे. कोण म्हणतं त्याला एकदा माझ्याकडे पाठवा.

पहिले दहा दिवस बरे गेले. म्हणजे खोकी उघडण्यात गेले. मग वडील बागेत उतरले. छापखान्यात फोरमन होते ते, सरळ ओळ म्हणजे जीव की प्राण. खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, बारा गुलाब, प्रत्येकात सारखं अंतर. आणि आई — जन्मात कुंडीला पाणी घातलं नव्हतं तिने — तिने फावडं घेतलं आणि सुतळीच्या आडवं खणायला लागली. आडवं! टोमॅटो लावायचेत म्हणे. वडिलांनी टोमॅटो उपटले. दुसऱ्या दिवशी तिने किटलीभर उकळतं पाणी गुलाबांच्या मुळाशी ओतलं, एकेका झाडाला सारखं, तिथे मात्र माप अगदी बरोबर. मी हसले हो. तेव्हा हसले मी. भावाला फोन करून सांगितलं, तोही हसला. तो लांब असतो, त्याला हसायला काय जातंय.

मग एक दिवस सकाळी, नाश्त्याच्या सुमाराला, वडिलांनी पाइप उचलला. हा हिरवा नव्हे, हा नवा आणलाय मी. आधीचा, त्याला पितळी तोटी होती. तोटीच्या बाजूने. आईच्या पाठीत घातला. एक, दोन, तिसऱ्याला ती बसलीच मातीत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते, धावले — धावणारच ना माणूस. पण आईने काय केलं सांगू? रडली नाही, ओरडली नाही. आधी इकडेतिकडे बघितलं. बसल्या बसल्या मान वळवून, या बाजूला, त्या बाजूला, काहीतरी हरवलंय तशी. दार शोधत होती ती. बागेला दार नसतं ना — काही नाही, तुम्ही माप लिहा. किती आलं? अकरा मीटर? बरं. तर दार काही दिसलं नाही तिला. मग हाताशी फावडं होतं ते उचललं आणि उठता उठता घातलं. इथे, गळ्याखालच्या हाडावर. वाळकी फांदी पायाखाली यावी तसा आवाज आला, खिडकीपर्यंत आला. आणि वडील पडले नाहीत लगेच. उभे राहून बघत होते तिच्याकडे, अपमान झाल्यासारखे. त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा हो! दुसऱ्यांदा घातलं तेव्हा पडले. गुलाबांतच पडले.

हो, असं माझ्याकडे बघू नका. तुम्ही लोकांच्या बागांतून फिरता, तुम्हाला काय घरोघरचं माहीत नाही? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो आमच्याकडे अर्धं शतक चालला. आणि दवाखान्यात मी काय सांगितलं — पायरीवरून पडले. डॉक्टरांनी आईला विचारलं, ती म्हणाली, पायरीवरून. वडिलांना विचारलं, ते दात खाऊन म्हणाले, पायरी. तिघांचं एक वाक्य, शब्द इकडचा तिकडे नाही. येणारच ना न चुकता! तेच वाक्य आम्ही आईसाठी किती वेळा म्हटलंय — दात पडला तेव्हा, बरगडी मोडली तेव्हा. फक्त माणूस बदलला. आणि घरी येऊन मी गाडी लावतेय तोच लक्षात आलं, अगं बाई, या घराला पायरीच नाही! सतरा घरं बघून शोधलेलं घर. आणि गुरुवारी दवाखान्यातली बाई येणार आहे, घर बघायला. म्हाताऱ्या पेशंटांचं घर बघतात म्हणे, पुन्हा पडू नयेत म्हणून. मग काय करते? काल गवंडी बोलावला आणि मागच्या दाराशी पायरी बांधून घेतली. ती बघा, ओली आहे अजून, जाताना पाय देऊ नका तिच्यावर. गवंडी म्हणाला, ताई, ही कशाला, कुणीतरी पडेल की. म्हटलं, पडून झालंय.

तुम्ही मला हसताय की घाबरताय ते काही कळत नाही मला.

वडील सांगणार नाहीत, त्याची चिंता नको. बायकोने मारलं असं सांगण्यापेक्षा ते जीव देतील. पण त्या बाईने बागेत नजर टाकली, दोघांना एकत्र बघितलं, तर कळायला वेळ लागणार नाही. एकाला उचलून कुठल्यातरी आश्रमात टाकतील. आणि कुणाला, तर आईला. भाऊ तयारच बसलाय सही करायला — तिचं डोकं फिरलंय म्हणतो. पन्नास वर्षं वडिलांचं डोकं ठिकाणावर होतं आणि हिचं तीन महिन्यांत फिरलं! तिने पुन्हा लावलेले टोमॅटो आता कुठे धरलेत. ती उठल्या उठल्या चूळ भरायच्या आधी ते बघायला जाते. तिला इथून हलवलं ना, तर महिना काढायची नाही. म्हणून हे कुंपण. त्या बाईला सांगेन, तिकडची माती खणलेली आहे, वडिलांचा पाय मुरगळू नये म्हणून जाळी घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

— काय बाबा? काही नाही, कुंपणवाले आलेत! कुंपण! — ऐकलंत? "मला विचारून का नाही आणलं." सुंभ जळला तरी पीळ जात नाही. अहो, सकाळी चहा गार म्हणून कप भिरकावला माझ्यावर, डाव्या हाताने. डाव्या हाताने नेम चुकतो म्हणून कानावरून गेला.

गुडघा? कुठला गुडघा — हां, वडिलांचा, तो. तुमचं लक्ष बारीक आहे. तो नंतरचा. तो आठवड्यानंतरचा आहे. ते खुर्चीतच बसले होते, काही बोललेही नव्हते, तसं बोललेही असतील, तिच्या टोमॅटोंकडे बघून काहीतरी. ती मागून आली. फावड्याची पाठ, गुडघ्याच्या वाटीवर. एकदाच. मग त्यांच्या मांडीवरची घोंगडी नीट केली आणि परत गेली खणायला. नाही, तेव्हा त्यांनी मारलं नव्हतं. हात गळ्यात असलेला माणूस काय मारणार? दवाखान्यात? नाही नेलं. सांगायला पायरी कुठे होती तेव्हा. मी घरीच पट्टी बांधली.

बरं, दार. मधे एक छोटं दार हवं, माणूस जाईल एवढं. बिजागऱ्या चांगल्या घाला. कडी? कडी कुठल्या बाजूला म्हणजे? काय प्रश्न आहे. दोन्हीकडून उघडेल अशी घाला. असते ना तशी? असते, पण मग जाळीतून हात घालून कुणीही — हो. हो, ते खरं. कुणीही उघडेल. थांबा जरा. थांबा, विचार करू द्या.

आमच्या जुन्या घरी मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. वर, चौकटीपाशी. आतून होती आधी, पण आई एकदा ती काढून पळाली, शेजाऱ्यांच्या दारात जाऊन उभी राहिली, तेव्हापासून बाहेरून. आता बाहेरून कडी म्हटल्यावर लावायला बाहेर माणूस हवं. ते माणूस मी. सहा वर्षांची होते. स्टूल ठेवलेलं असायचं. वडील "लाव गं" म्हणायचे, चिडून नाही हो, पंखा लाव म्हणावं तसं, आणि मी स्टुलावर चढून लावायचे. भाऊ पुढच्या खोलीत रेडिओ मोठा करायचा. कामं वाटून दिलेली आमची. दहा वर्षं लावली मी ती कडी. शेवटी शेवटी स्टूल लागायचं नाही, आणि मला — काय निर्लज्ज असतं बघा माणूस — मला बरं वाटायचं, आपला हात पोचतो म्हणून. उघडायची, ते आतून बोटांनी दोनदा वाजवायचे तेव्हा. आईही वाजवायची. ती तळव्याने वाजवायची, वेगळा आवाज, मला नुसत्या आवाजाने कळायचं. नाही उघडली. एकदाही नाही. इतक्या वर्षांत ती मला त्यावरून एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर फार बरं झालं असतं. मला फार लाज वाटते हो. पन्नाशी उलटली माझी, अजून कुणी दार वाजवलं की मला धाप लागते.

त्या दिवशी मातीत बसून ती मान वळवत होती ना, मघाशी मी म्हटलं दार शोधत होती — दार नव्हती शोधत. मी कुठे आहे ते बघत होती. कडी लावायला. आणि मी खिडकीत होते, तिने मला बघितलं, मी तिला बघितलं, आणि मी हलले नाही. धावले म्हटलं का मी? नाही धावले. नळ सोडला आणि कप धूत राहिले. धुतलेलाच कप. गुडघ्याच्या वेळीही. मी गाडी शिकवते, माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो, तीस वर्षं माझा पाय त्याच्यावर तयार असतो, मांजर आडवं आलं तरी दाबते. तो दाबला नाही मी. दाबायचा नव्हता मला.

आईच्या बाजूला.

कडी आईच्या बाजूला घाला. लिहा. आणि वर नको, खाली. अजून खाली. गुडघ्याच्याही खाली, जमिनीपासून एक वीत. त्यांना वाकता येत नाही आता आणि हात तर पोचायचाच नाही. तिला येतं, ती दिवसभर वाकलेलीच असते. कळतंय मला मी काय सांगतेय ते. तुम्ही जाळीचं माप घ्यायला आलात, जाळीचं घ्या. बुधवारपर्यंत उभी राहिली पाहिजे.

झालं ना? मग निघा आता. नाही, चहाचं नाही विचारत मी, निघाच. ती येतेय इकडे. फावडं तिच्या हातात असतंच, त्यात काही नाही, ती पाणी प्यायला येत असेल. तुम्ही समोर बघा. शिकवते मी रोज, मागचं मी बघते, तुम्ही फक्त समोर बघायचं. आवाज आला तरी वळायचं नाही. फाटक उघडंच आहे. ओल्या पायरीवर पाय देऊ नका.

— काय बाबा? काय म्हणालात? ऐकू नाही येत. मी नळ सोडलाय.