‘मी आलो’ म्हणणारी कोच

जन्म माझा कोल्हापूरचा, पेठेतला, बाप फौंड्रीत कामाला, आई घरात, आन् माझ्या वरचे दोन भाऊ, दोघं बी तालमीच्या, म्हंजे पेठेच्या मंडळाच्या, टीमकडनं फुटबॉल खेळायचे. आमच्याकडं फुटबॉल म्हंजे काय सांगू तुम्हाला, मॅच असली की सगळी पेठ मैदानावर, दुसऱ्या पेठेत सोयरीक केलेली असली तरी त्या दिवशी तोंड फिरवून बसायचं. आन् एक आधीच सांगतो, तुम्ही हे लिवताना माझं मी आलोचं मी आले, मी गेलोचं मी गेले असं करत बसू नका. कोल्हापूरच्या बायका अशाच बोलत्यात. माझी आई अशीच बोलायची, मी जातो, मी करतो, मी दमलो, आन् तिनं तीन पोरं काढली, तिच्या बाईपणात काय कमी पडलं न्हाई. ह्या आलो-गेलोवरनंच माझं सगळं रामायण झालंय, म्हणून सांगतो.

तर भावांना गोलकीपर कमी पडला की मला उभं करायचे, बॉल अंगावर मारायचे, मी बी रडायचो न्हाई. मग पुढं खेळाय लागलो. आई म्हणायची पाय उघडे टाकून पळतीस, कोण करून घेणार तुला. बाप काय बोलायचा न्हाई, खरं मॅचला कोपऱ्यात उभा दिसायचा, कामावरच्या काळ्या हातानं. राज्याच्या टीमपर्यंत गेलो मी. तिथं कॅम्पात एकीनं मागनं पाय घातला आन् गुडघा गेला. वैद्यानं पाला बांधला, म्हणाला महिन्यात पळशील. अजून पळतोय बघा मी, लंगडत. आन् टीमचे जे साहेब लोक म्हणत हुते काळजी करू नको पोरी, तुझ्या नोकरीचं बघतो, ते पुढच्या वर्षी मला ओळखंनात. माझा लई राग हाय त्यांच्यावर. लोक म्हणत्यात जुनं सोडून द्यावं. मी न्हाई सोडत.

मग शाळंत पोरींना शिकवलं काही वर्षं, लगीन झालं. नवरा इथं कतारच्या दोह्यात एसीचं काम करायचा, खोलीवर माणसांच्या गर्दीत राहायचा, फोरमन झाला तवा फॅमिली व्हिसा मिळाला आन् मला घेऊन आला अल वक्र्याला. घर चांगलं हाय, खरं दिवसभर बाहेर ऊन आन् आत मी. डोकं फिरायची पाळी आली. तेवढ्यात कळलं की अल दुहैलला एक फुटबॉल अकॅडमी हाय, पोरींच्या टीमला बाईच कोच पायजे, इथल्या घरांना बाप्या कोच चालत न्हाई. मेट्रोनं गेलो, इंग्रजी तोडकं-मोडकं बोललो, बॉल पायावर खेळवून दाखवला, घेतलं त्यांनी.

तिथली हेडकोच अमेरिकन, हेली नावाची. तिची माझी पहिल्यापासनं जमली न्हाई, उगंच कशाला खोटं बोलू. बाई मोठी खेळाडू, तिकडं कॉलेजनं तिला फुकट शिकवलं, का तर फुटबॉल खेळती म्हणून. ऐकून माझं पोट दुखलं. तिचा बी गुडघा गेलता, दोन्ही गेलते, खरं तिला टीमनं ऑपरेशन करून दिलं, आन् खेळ संपला तशी कोच झाली, आज ह्या देशात, उद्या त्या देशात. एकदा तिनं गुडघ्यावरचे वण मला दाखवले, मी माझा दाखवला. ती म्हणाली, सिस्टर्स. मी मनात म्हणलं, कसली सिस्टर, तुला टाके पडले आन् मला पाला.

मला तेरा वर्षांच्या आतल्या पोरी दिल्या. कोणाला नको हुती ती टीम. एक सुदानची, फिलिपिनी, मल्याळी, इजिप्तची, सगळ्यांचा मिळून चिवडा. पहिल्या मॅचला नुसत्या बॉलच्या मागं गठ्ठ्यानं पळत हुत्या. माझं इंग्रजी बॉलपेक्षा हळू, शब्द सापडंस्तवर गोल झालेला असायचा, मग मी आपलं मराठीतच वरडायला लागलो. मागं बघ. सोड. लांब मार. भिऊ नको, अंगावर जा. त्या पोरींना चार दिवसांत कळाय लागलं. सुदानची पोरगी मैदानात वरडायची मागं बग, मागं बग, आन् समोरच्या टीमला काय कळायचंच न्हाई. जिंकाय लागलो आम्ही. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं हे माझं हाय, हे कुणी मला दिलेलं न्हाई, मी केलंय.

त्यात एक मराठी पोरगी, अन्वी. आईबाप पुण्याचे, दोघं बी मोठ्या हुद्द्यावर, अल दुहैललाच कंपाउंडात राहायला. डाव्या पायाची पोरगी, असा पाय मी कोल्हापुरात बी बघितला न्हाई. मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र इंग्रजी. मी इचारायचो जेवलीस काय गं, ती म्हणायची यस कोच. हळूहळू माझ्या मागनं मागनं बोलाय लागली. उशिरा आली की लांबनंच वरडायची, कोच, मी आलो, मी आलो. मला लई गोड वाटायचं. 

तिची आई लाइनीबाहेर खुर्ची टाकून बसायची. एक दिवस जवळ आली, म्हणाली कोच, राग मानू नका, पण मुलींसमोर जरा शुद्ध बोलत जा ना, ती आलो म्हणते, आले म्हणायला हवं. मी म्हणलं ताई, फुटबॉल शुद्ध खेळायला लावतो की मी, बाकीचं तुम्ही घरी बघा. आता मला माहीत हाय, तिथं मी गप बसाय पायजे हुतं असं तुम्ही म्हणणार. बसलो न्हाई. तिचं तोंड लाल झालं.

पुढच्या आठवड्यात अन्वी फोनवर पुण्याच्या आजीला म्हणाली, आजी, मी दमलो, लई भूक लागलीया. आजी खूश झाली म्हणं, नात मराठी बोलली म्हणून. आई न्हाई झाली. तिनं अकॅडमीला ईमेल लिहिला, इंग्रजीत. काय लिहिलं, तर कोच मुलींना स्वतःला मुलगा म्हणायला शिकवतात.

बघा आता. मराठीत ही गोष्ट आले का आलो एवढीच. इंग्रजीत गेली आन् तिचं काय झालं. आन् ते बी कतारमध्ये, पोरींच्या अकॅडमीत, जिथं आया आधीच धास्तावलेल्या असत्यात की पोरगी खेळून बाप्यासारखी होईल. दोन दिवसांत इजिप्तच्या पोरीचा बाप चौकशीला आला, मल्याळी आयांच्या ग्रुपवर तेच सुरू झालं.

मला ऑफिसात बोलावलं. हेली, अन्वीची आई आन् मी. हेली म्हणाली, तू असं शिकवतीस का. मी म्हणलं न्हाई, ही आमची बोली हाय. ती म्हणाली समजावून सांग. आता कसं सांगू. तिच्या इंग्रजीत आय म्हणलं की बाई हाय का बाप्या हाय काय कळतच न्हाई, तिला कुठनं कळणार की आमच्यात मी म्हणलं की पुढचा शब्द बाईचा-बाप्याचा होतो, आन् कोल्हापुरात बाईनं बाप्याचा शब्द वापरला तरी कुणाला काय वाटत न्हाई. मी लई धडपडलो. शेवटी मी अन्वीच्या आईकडं वळून मराठीत म्हणलं, ताई, तुम्ही सांगा की ह्यांना, कोल्हापूरच्या बायका अशाच बोलत्यात, तुम्हाला ठावं हाय. आन् तिला ठावं हुतं हो, पुण्यातल्या माणसाला ठावं नसंल व्हय. तिनं माझ्याकडं बघितलं आन् हेलीला इंग्रजीत म्हणाली, मी फक्त बरोबर मराठी काय ते सांगू शकते.

एवढंच. एक वाक्य बोलली असती तर मिटलं असतं. 

अन्वीच्या आईला बाहेर पाठवल्यावर हेली माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, मी तुझ्यावर विश्वास ठेवते. म्हणाली, मी लहान असताना केस बारीक कापले हुते, तर आमच्या गावात लोक मला काय काय बोलायचे, आईला बोलायचे, माझी एक टीम सुटली त्यापायी. मला वाटलं आता ही माझ्या बाजूनं उभी राहणार, हिला कळलं. तर म्हणती, म्हणूनच मला माहीत हाय हे कसं पेटतं, म्हणून तू ह्या टीमवरनं बाजूला हो. आन् इथनं पुढं मैदानावर फक्त इंग्लिश. खलास, म्हणाली. एवढा एकच अरबी शब्द तिला नीट यायचा.

जिनं सोसलेलं असतं ती समजून घेती असं म्हणत्यात. खोटं हाय ते. सोसलेली माणसंच आधी घाबरत्यात.

आता अकॅडमीनं मला मुऐदरला टाकलंय, एका शाळेच्या मैदानावर, बारक्या बारक्या पोरी, बॉल हातात घेऊन पळत्यात, त्यांना कुठलीच भाषा लागत न्हाई. गुड गर्ल, नाइस, स्टॉप, एवढ्यात माझं भागतं. माझ्या टीमला नवीन कोच दिली, टीम पुन्हा गठ्ठ्यानं पळाय लागली असं ऐकतो. ऐकून बरं वाटत न्हाई आन् वाईट बी वाटत न्हाई, नुसती चीड येती.

परवा प्रॅक्टिस संपली आन् बघतो तर गेटाजवळ गाडी, अन्वीची आई उतरली. गोड बोलाय लागली, कशा आहात, किती दिवसांनी. मग हळूच म्हणाली, अन्वीनं फुटबॉल सोडलाय. आणि मराठी पण. आजीचा फोन आला की हाय ग्रॅनी म्हणते आणि उठून जाते. आजी रडते हो. तुम्ही तिला आठवड्यातून एकदा शिकवाल का, घरी या, तुम्हाला हवं तसं बोला, माझी काही हरकत नाही.

मी तिच्या तोंडाकडं बघत हुतो. मराठी ओठावर आली हुती, ती मी गिळली. मी म्हणलं, सॉरी मॅडम, ओन्ली इंग्लिश. प्लीज सेंड ईमेल टू हेडकोच.

तिचं तोंड पडलं. मला जे पायजे हुतं ते मिळालं बघा. त्येवढ्यात गाडीची काच खाली आली. अन्वी आत बसलेली, मला दिसलीच न्हवती. उंच झालीया. माझ्याकडं टक लावून बघितलं तिनं आन् म्हणाली, कोच, व्हाय आर यू टॉकिंग लाइक दॅट.

तिची आई गाडीत बसली, गाडी गेली, मी बॉलची जाळी खांद्यावर घेऊन तिथंच उभा. 

पोरगी सुखात राहावी, तिच्या डाव्या पायाला कुणाची नजर लागू नये, एवढं मी रोज देवाजवळ मागतो. तिच्या आईसाठी काय मागत न्हाई. तेवढं मोठं मन देवानं मला दिलेलं न्हाई, आन् आता ते हुईल असं बी वाटत न्हाई.