सज्ञान मुलीचा ताबा

…तसं नाही मॅडम, सांगतेय ना — घरातली गोष्ट घराबाहेर बोलायची नाही आणि ‘का’ म्हणून विचारायचंही नाही, हा आमच्याकडचा नियम, म्हणून जरा अडखळतेय. पाणी? द्या. ते दार लावता येतं का? बाहेर बाकावर बाबा आणि रवींद्रकाका बसलेत. कडी लागत नाही? बरं.

लिहा. नाव पायल, वय चोवीस, राहणार डोंबिवली. मला कुणी पळवलं नाही. मी आणि रत्नदीपने परवा लग्न केलं, हे सर्टिफिकेट. बाबांनी मी हरवल्याची तक्रार दिली, पोलीस स्टेशनातून तुमचा फोन आला — जबाब देऊन जा, पाच मिनिटांचं काम — म्हणून आले. एकटीच आले. रत्नदीप कोपरीला त्याच्या आत्याकडे — नको, ते नका लिहू. खोडा ना. मी हळू बोलले ना? ऐकू गेलं नसेल ना बाहेर? थांबा, त्याला मेसेज टाकते, तिथून निघ म्हणून. एक मिनिट… हं, टाकला.

आणि हा सरकारी कागद बघा, मोबाइलवर आहे — जातीबाहेर लग्न केलेल्यांना संरक्षण द्या, सुरक्षित जागी ठेवा — तुमच्यापर्यंत आलाच नाही? साहेब मीटिंगला गेलेत, ते आल्यावर बघतील — आणि तोवर? तोवर ही ओळ, मी यायच्या आधीच लिहून ठेवलेली. ‘मुलीस समज देऊन वडिलांच्या ताब्यात दिले.’ नेहमी असंच लिहिता? मतदानाला मी मोठी आणि ताब्याला पोर?

काका तुम्हाला काय म्हणाले ते मी सांगू? दोन दिवस घरी येऊ दे, आईला भेटू दे, मग आम्हीच रीतीने लावून देतो. हेच ना? वाटलंच. सोनलच्या वेळी हेच म्हणालेले, शब्दसुद्धा बदलला नाही. सोनल म्हणजे त्यांची मुलगी, माझी चुलतबहीण. सहा वर्षं झाली. ती कल्याणला मैत्रिणीकडे लपलेली आणि कुठे ते एका मलाच माहीत होतं, आणि — नाही, कुणी मारून विचारलं नाही मला. काकांनी आइस्क्रीम आणलेलं, समोर बसून गोड बोलले, मी पत्ता सांगितला. अठराची होते. वाटलं, खरंच लग्न लावून देतील. अशाच एका खोलीत सही झाली, ताबा दिला. चौथ्या दिवशी ती गच्चीवरून पडली, जागीच गेली. कपडे वाळत घालताना, असं लिहिलंय तुमच्या लोकांनी. जुलैत, मॅडम. भर पावसात कोण गच्चीवर कपडे वाळत घालतं? कुणी विचारलं नाही. मीही नाही.

या काका, दारात का उभे? ऐकलंत ना सगळं? मग सांगा मॅडमना, सोनल गच्चीवर कशाला गेलेली? बाबा, तुम्ही सांगा. तुम्ही तर घरात होतात त्या दिवशी.

काकांकडे काय बघताय, बाबा?

मी सही करणार नाही, मॅडम. यांच्याबरोबर जाणार नाही, साहेब येईपर्यंत या खुर्चीवरून उठणारही नाही. ती ओळ खोडा. लिहा — मुलगी सज्ञान आहे, घरी जायला नकार देते, जिवाला धोका आहे म्हणते. कुणापासून, तेही लिहा, दोघांची पूर्ण नावं मी सांगते. त्यांच्याकडे नका बघू.