खिडकीतलं पोळं

हार्डवेअरच्या दुकानात रांग हलत नव्हती. शिंप्याच्या पुढे दोन शेजारणी बोलत होत्या आणि त्याचे कान आपसूक तिकडे लागले.

“गांधीलमाश्यांचं औषध घ्या की इथूनच.”

“राहू दे. पोळं यांच्या खोलीच्या खिडकीत आहे. खिडकी उघडता येत नाही, आत नुसती भट्टी. सहा वर्षांनी माझ्या खोलीत झोपायला आलेत.”

“घोरतात?”

“घोरतात. पण त्याआधी तासभर बोलतात.”

“पोळं काढणारा येणार होता ना?”

“काल आला होता. यांनी दारातूनच परत पाठवला. म्हणाले, माश्या आपोआप गेल्या.”

“गेल्या?”

“कुठल्या जातात. वाढल्यात.”

“मग तुम्ही काही बोलला नाहीत?”

“त्या माणसाला पाणी दिलं. उन्हातून आला होता बिचारा.”

“आज काय घ्यायला आलात?”

“पंखा. दोघांना पुरेल असा.”