फळीवरचा कूलर

ओहायोतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात लॉरेटा वस्तू परत करायच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढे बहीणभाऊ होते, टॅमसिन आणि वेस्ली. कॉम्प्युटरच्या वस्तू तपासून इंटरनेटवर व्हिडिओ टाकणारे. टॅमसिनच्या काखेत प्रोसेसर गार ठेवणाऱ्या पाण्याच्या कूलरचा खोका होता.

“ताई, गुपचूप परत देऊन टाक. कंपनीनं पाठवलेला झकास चालला ना? त्याचाच व्हिडिओ करू.”

“तो निवडून पाठवलेला होता, वेस्ली. हा मी इथल्या फळीवरून उचलला. प्रोसेसर तापला तो तापलाच, वर पंप डासासारखा गुणगुणतोय.”

“निघतो एखादा खराब.”

“म्हणून दुसऱ्या दुकानातून आणखी एक आणला. तोही गुणगुणला.”

“हे बोललीस तर कंपनी पुन्हा काही पाठवायची नाही.”

“नको पाठवू दे.”

“नवी वस्तू आधी आपल्याकडे येते, म्हणून तर लोक आपल्याला बघतात.”

“आणि लोकांच्या घरी कुठला जातो? फळीवरचाच ना? मग मी तोच दाखवणार.”

“चॅनल बंद पडेल, ताई.”

“पडू दे. भीती वाटत असेल तर तू घरी बस.”

त्यांचा नंबर आला.

“काय बिघडलंय यात?” काउंटरवरच्या माणसानं विचारलं.

“काही नाही. हा असाच बनवलाय. मला परत करायचा नाही.”

“मग रांगेत कशाला थांबलात?”

“भावाचं मन राखायला.”

टॅमसिन वळली, तेव्हा लॉरेटाला राहवलं नाही. “तुमच्या चॅनलचं नाव काय?”

वेस्लीनंच ते सांगितलं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं.