ओठांना कळणारा कापूस

चीनमधल्या शाचिंगच्या दवाखान्यात ई-सिगारेट कारखान्याचा मुकादम फान खोकला घेऊन बसला होता. तोंडावर मास्क असल्याने तो ओळखू येत नव्हता, म्हणून त्याच्याच हाताखालच्या लान ताई आणि रोंग पुढच्या बाकावर मोकळेपणी बोलत होत्या.

"ताई, बोटं बधिर झाल्याचं डॉक्टरला सांगू नकोस. चिठ्ठीवर आलं की कामावरून काढतील."

"मग काय सांगू?"

"खोकला म्हण. पण बोटांना कळत नाही, तर सिगारेटच्या तापणाऱ्या तारेभोवती कापूस भरतेस कसा गं? सैल राहिला तर आतला रस गळतो, घट्ट झाला तर कापूसच जळतो. तुझा तर एकही नग परत येत नाही!"

"ओठांना लावून बघते. ओठ अजून शाबूत आहेत."

"ई! लोकांच्या तोंडात जातं ते!"

"तोंडात जायचं, म्हणूनच तोंडानं बघते."

नर्सने अर्ज पुढे केला. ताईंच्या हातून पेन निसटलं. ते पडल्याचं त्यांना आवाजावरून कळलं. फानने उचलून दिलं.

"ताई, डॉक्टरांना खरं सांगा."

आवाज ओळखून त्या उठून उभ्या राहिल्या.

"सांगते, साहेब. मग सोमवारी माझी जागा राहील ना?"

फानने रांगेत आपला नंबर कितवा आहे, ते पुन्हा एकदा बघितलं.