इंजिनं जोडून उतरली

एक्क्याण्णव साली भाईंदरला डोंगरीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक जोडपं उभं होतं.

"अहो, काल साहेबांनी कशाला बोलावलं होतं?"

"घाट चढताना मालगाडीला मागून रेटतं ना माझं इंजिन, त्याच्यावरून."

"काही चुकलं का तुमचं?"

"ऐक तर, सरोजा. गाडी वर पोचवली की आमचं प्रत्येक इंजिन एकेकटं खाली यायचं. तेवढा वेळ घाट अडायचा, उतरणाऱ्या गाड्या वर खोळंबायच्या."

"हो ना! आपली पंचशीला बाळंतपणाला येत होती, तेव्हा दोन तास अडकली होती पोर."

"तेव्हाच मी अर्ज दिला. म्हटलं, तीन इंजिनं एकमेकांना जोडून एकदमच खाली आणू."

"मग?"

"महिनाभर करून बघितलं. दिवसाला चार गाड्या जास्त निघतायत."

"चार! साहेब काय म्हणाले?"

"स्वतःच्या हातानं चहा दिला. म्हणाले, नागोराव, तुमचं नाव वर कळवलंय."

"आणि हे मला आज सांगताय? रांगेत?"

"घरी सांगितलं असतं तर रडली असतीस."

"मग आता काय करतेय मी?"

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत!"