भरतीचे पेढे

पेढा घ्या, पण अभिनंदन तेवढं करू नका हो. सकाळपासून जी भेटते ती माझा हात धरून म्हणते, "झाली ना एकदाची भरती? छान झालं," आणि मी हो म्हणावं की नाही म्हणावं या विचारात, तोवर ती पेढा तोंडात टाकून मोकळी... आता तोंडात गेलेला पेढा परत कसा मागायचा? बरं, भरती झाली हे खरंच आहे. खोटं मी बोलत नाही. पण कुणाची झाली, कशात झाली, एवढं तरी कुणी विचारावं की नाही?

तुम्हाला सांगते, मुळात हा शब्दच वाईट. आमच्या वरूडकडे भरती म्हणजे नोकरीची. पहाटे पोरं रस्त्यानं पळताना दिसली की समजायचं, पोलिसात भरती निघाली. लग्न होऊन मी इथं हिंदी मुलखात, पिपलानीत आले, मंदाकिनीकाकूंच्या क्वार्टरमागं जी पत्र्याची खोली आहे ना, तिथं भाड्यानं, आणि आल्या आल्याच शेजारची बाई रडत रडत सांगते, "ससुरजी कल से भरती हैं." मी म्हटलं, अरे वा, या वयात? बधाई हो! ती अशी बघत राहिली माझ्याकडे... मग काकूंनी आत नेऊन सांगितलं, अगं, इथं दवाखान्यात ॲडमिट करतात त्यालाही भरतीच म्हणतात. तेव्हापासून ती बाई नळावर मला बादली पुढं सरकवू देत नाही.

आणि आमचा सगळा संसार या एका शब्दाला टांगलेला. आमचे हे कारखान्यात आहेत, पण कारखान्याचे नाहीत, ठेकेदाराचे आहेत. मशीन तेच, भोंगा तोच, भाजलेला हातही तसाच. पण जो कायम आहे त्याच्या बायकोला, पोरांना, अगदी आईबापांनासुद्धा कारखान्याचा दवाखाना, आणि आम्हाला त्या दवाखान्याची भिंत. भिंत चांगली आहे, दुपारी सावली पडते. यांनी ठेकेदाराला विचारलं, आमचं काय? तो म्हणाला, "भरती होने दो, फिर देखेंगे." लग्न ठरताना सासूबाईंनी माझ्या वडिलांनाही हेच सांगितलं होतं, भरती झाली की पाहू. मोठी खोली? भरती झाली की. पंखा? भरती झाली की.

आता माझी शारू काही भरतीसाठी थांबते का? तिला बाळदमा. खेळता खेळता गप्प बसते, खांदे वर जायला लागतात आणि छातीतून शिट्टी... मी दिवसातून किती वेळा तिच्या पाठीला कान लावते, ते मलाच ठाऊक. भाजी चिरता चिरता लावते. ती म्हणते, आई, तुझा कान गार आहे. डॉक्टरनं पंप दिलाय, तोंडात धरून ओढायचा, तो रोज हवा, आणि म्हणाला, धूळ टाळा. पंपासाठी पैसे पुरेनात म्हणून हे सुट्टीच्या दिवशी करोंदच्या मंडीत पोती उचलायला जायला लागले, आणि येताना गव्हाची सगळी धूळ अंगावर घेऊन आले, आणि ती धूळ लागून पोरीला उबळ, म्हणजे पंप दुप्पट, म्हणजे परत मंडी... हे आता बाहेरच्या नळावर आंघोळ करून मग घरात येतात. केसातली थोडी राहतेच.

मग सरकारी योजनेचं कार्ड आलं. मैदानात मांडव टाकला होता, भोंगे लावले होते, गरिबाला आता दवाखान्याची चिंता नाही म्हणाले. मी कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं. त्या दिवशी मंदाकिनीकाकूंचे यजमान, शांतारामकाका, रिटायर आहेत ते, टीव्ही लावून बसले होते. पडद्यावर आठ चौकोन आणि आठ माणसं एकदम ओरडतायत, आरोग्यव्यवस्था बदलली पाहिजे. कुणी म्हणतं बदलली, कुणी म्हणतं बिघडली. काका मला म्हणाले, "बघ, आता हा तुझा हक्क झाला." मी म्हटलं, काका, मग हक्काचा पंप मिळेल का? काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणाले, "पंप नाही गं त्यात येत. हक्क भरती झाल्यावर सुरू होतो."

म्हणजे इथंही तेच!

कार्ड चालतं तो दवाखाना पार कोटरा सुल्तानाबादेत. निघताना शारूची शिट्टी काकूंना पुढच्या खोलीत ऐकू येते. बसमध्ये खिडकीचा वारा लागतो, आणि उतरेपर्यंत माझी पोर ठणठणीत. दवाखान्याच्या दारात फुगेवाला, तिला लाल फुगा हवा, आणि फुगा हातात आला की ती खिडकीवरच्या दीदीसमोर नाचणार. दीदी माझ्याकडे बघते, फुग्याकडे बघते. "बच्ची तो हँस रही है. भरती किसलिए? बिना भरती के कार्ड नहीं चलेगा, दवा बाहर से ले लो." मी एकदा शारूला बाजूला घेऊन दम दिला, अगं, जरा आजारी दिस ना. तिनं कमरेवर हात ठेवून लंगडून दाखवलं. छातीच्या आजाराला लंगडणं...

देवाला काय मागावं तेच कळेना. बरी ठेव म्हणावं तर कार्ड देव्हाऱ्यातच पडून राहणार. आजारी पाड म्हणायला जीभ रेटत नाही. शेवटी एकदा उदबत्ती लावता लावता माझ्या तोंडून निघून गेलं, देवा, भरतीपुरती... आणि मी ती उदबत्ती तशीच विझवली. धुरानं तिला त्रास होतो, हेही तेव्हाच आठवलं.

सोमवारी पंप संपला. मी हलवून बघितला, कानाशी धरला, दाबला, नुसती हवा. हे कामावर, फोन गेटवर जमा. दुपारी तिचे ओठ असे काळपट दिसायला लागले. या वेळी बस नाही, रिक्षाच केली. फुगेवाला दारातच होता. मीच तिला दाखवला, म्हटलं, शारू, लाल आहे बघ. तिनं मान वळवली नाही.

खिडकीवरची दीदी कार्ड न बघताच उठली. "अरे, इसको भरती करो, जल्दी करो." आणि तुम्हाला सांगते, त्या शब्दानं मला बरं वाटलं. इतकी वर्षं घरात सगळे ज्याची वाट बघतायत तो शब्द माझ्या पोरीसाठी कुणीतरी उच्चारला, म्हणून एक क्षण बरं वाटलं. मग तिच्या तोंडावर तो मास्क चढवला आणि तिनं माझं बोट सोडलं...

अशा वेळी माणूस कुणाला फोन करतो? सासूबाईंना केला. इकडं ते वाफेचं मशीन घरघरतंय, तिकडं वरूडात रेंज नाही, आणि मी रडत रडत ओरडतेय, "आई, भरती झाली."

पलीकडून त्या म्हणाल्या, "झाली? खरंच झाली काय वं?"

"हो आई, आत्ताच."

"पावला रे देवा! रडू नको पोरी, आनंदाचं रडू असंच येते. कायम ना?"

मी म्हटलं, कायम कशी हो आई, डॉक्टर म्हणतात दोन-तीन दिवस... पण फोन कधीच कटला होता.

शारू सुधारली. आतलं सगळं कार्डावर झालं, खोटं कशाला बोलू, दीदीनं शेवटी फुगाही आणून दिला. निघताना मी म्हटलं, आणि पंप? दीदी म्हणाली, "अब तो छुट्टी हो गई, वो बाहर से. फिर भरती हुई तो देखेंगे." फिर!

घरी येऊन बघते तर दारात सासरे. वरूडहून रात्रीची गाडी धरून आलेले, अंगात लग्नातला कोट, हातात पेढ्यांचा मोठा पुडा. गावात वाटून उरलेले नाहीत हं, खास इथल्यासाठी वेगळे करून घेतलेले. मोतीबिंदू पिकलाय त्यांचा, चहाची कपबशी चाचपून धरतात. कायम माणसाच्या आईबापालाही दवाखाना, हे त्यांना लग्नाच्या आधीपासून पाठ. चहा संपवून म्हणाले, "चाल केशव, दाव तुया दवाखाना."

हे फरशीकडं बघायला लागले. मी स्टोव्हकडं. सांगणार कोण?

शारू कॉटवरून म्हणाली, "आबा, बाबांची नाही झाली. भरती मी झाले होते. मला सुई पण टोचली."

सासरे उठून तिच्याजवळ गेले, पाठीवर हात ठेवला, आणि तो तिथंच राहिला. शिट्टी हातालाही लागते, मला ठाऊक आहे. मग पुडा सोडून म्हणाले, "मंग पयला पेढा तुलेच."

मी विचारलं, आणि बाबा, डोळ्याचं?

"डोया काय पयून चालला? केशवची भरती झाली की पाहू." वर मला म्हणाले, एवढे पेढे घरात ठेवून खराब करायचे का? पोर घरी आली, त्याचे म्हणून वाट.

म्हणून वाटतेय. घ्या. आणि जाता जाता एक सांगा, तुमच्याकडं झालंय ना कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन? त्याला भरती करतात ना हो? नाही, कार्डावर त्यांचं नाव चढवता आलं तर, आणि दोन दिवस जरी भरती केलं तर... काय म्हणता? सकाळी नेतात आणि दुपारी घरी सोडतात? भरती नाहीच?

...घ्या, अजून एक पेढा घ्या.